हात धुवा म्हणणारा डॉक्टर : इग्नाझ सेमेलवाइस

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा परीक्षेसाठी वाचतो, नाहीतर जयंती-पुण्यतिथीच्या भाषणासाठी. मी मात्र हे चरित्र वाचले ते आईला उत्तर देण्यासाठी. म्हणून आधी थोडे घरचे सांगते. वाचकांनी क्षमा करावी.

आम्ही कोलशेतचे. खाडीकाठचे हे गाव आता ठाणे शहरात पुरते मिसळून गेले आहे. माझ्या आजीच्या लहानपणी होड्या, मासळी आणि खाडीतली रेती यांवर गाव जगत असे. पुढे कोलशेत रोडवर रंग-रसायनांचे कारखाने आले. आज त्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत, आणि गावातल्या कितीतरी बायका त्या इमारतींत घरकामाला किंवा आसपासच्या रुग्णालयांत आयाच्या कामाला जातात. माझी आई त्यांतलीच एक. चौदा वर्षे ती एका खासगी रुग्णालयात आया आहे. रुग्ण तिला मावशी म्हणतात. चादरी बदलणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हलक्या हाताने कुशीवर वळवणे ही तिची रोजची कामे.

गेल्या पावसाळ्यात तिच्या वॉर्डात एकापाठोपाठ तीन रुग्णांच्या जखमा चिघळल्या. नेहमीच्या औषधांना ते जंतू दाद देईनात. तेव्हा वॉर्डात काम करणाऱ्यांच्या नाकातून कापसाच्या काडीने नमुने घेण्यात आले. आधी आया आणि वॉर्डबॉय, मग सिस्टर. डॉक्टरांचे नमुने घेतलेले आईने तरी पाहिले नाहीत. चार दिवसांनी तिला सांगण्यात आले की ते जंतू तिच्या नाकात सापडले आहेत. मलम लावा, पुन्हा तपासणी होईपर्यंत घरी थांबा. यापलीकडे कुणी काही समजावले नाही.

आई घरी आली आणि तिने आपले ताट-पेला वेगळा काढला. माझ्या ताईचे आठ महिन्यांचे बाळ तिच्याकडे झेपावे, तर ती दोन्ही हात पाठीमागे घेई. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर तिने मला विचारले की त्या तिघांच्या जखमा तिच्या हातून तर बिघडल्या नसतील ना. मी कला शाखेची विद्यार्थिनी. जंतुशास्त्राची मला अक्षरओळख नाही. मी गप्प राहिले.

ही हकिकत मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली. ते म्हणाले की आईचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे, आणि तो स्वतःला विचारण्याचे धैर्य ज्या डॉक्टरने प्रथम दाखवले त्याचे चरित्र तू वाच. ते चरित्र मी मिळेल तेथून वाचले. तेच आज आपल्यापुढे ठेवते आहे.

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस याचा जन्म १ जुलै १८१८ रोजी बुडा येथे झाला. डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडा आणि दुसऱ्या काठाला पेस्ट. पुढे ही दोन्ही शहरे मिळून आजचे बुडापेस्ट झाले. वडिलांचे किराणा मालाचे भरभराटीचे दुकान होते. घरात जर्मन बोलली जाई. मुलाने कायदा शिकावा म्हणून १८३७ मध्ये त्याला व्हिएन्नाला पाठवले, पण वर्षभरातच तो वैद्यकाकडे वळला. १८४४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि त्याने प्रसूतिशास्त्र निवडले.

त्या काळी व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय साऱ्या युरोपात नावाजलेले होते. तेथील प्रसूतिगृहात दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. बायकांना आळीपाळीने दाखल केले जाई. एक दिवस पहिल्या विभागाचा, तर दुसरा दिवस दुसऱ्याचा. येणाऱ्या बहुतेक बायका गरीब. काही अविवाहित, काही मोलकरणी. फुकट उपचार मिळत, आणि त्या बदल्यात त्यांच्या देहावर विद्यार्थी शिकत.

१ जुलै १८४६ रोजी, म्हणजे आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सेमेलवाइस पहिल्या विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. तेथे त्याच्यापुढे जे उभे राहिले त्याने त्याची झोप उडाली. बाळंतिणीला दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप भरायचा, पोट फुगायचे, आणि आठवड्याच्या आत ती दगावायची. याला प्रसूतिज्वर म्हणत. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका मेल्या. शंभरात अकराहून अधिक. त्याच छपराखाली, त्याच हवेत, सुईणींच्या विभागात ३७५४ बाळंतपणांत १०५ बायका मेल्या. शंभरात तीनसुद्धा नव्हेत.

ही आकडेवारी डॉक्टरांना ठाऊक होती. गावातल्या बायकांनाही ती आपल्या रीतीने ठाऊक होती. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळताच कित्येकजणी गुडघे टेकून, हात जोडून दुसऱ्या विभागात घ्या म्हणून विनवत. काही जणी वाटेतच बाळंत होत आणि मग बाळ घेऊन रुग्णालयात येत. नवल असे की या रस्त्यात बाळंत झालेल्या बायकांना हा ज्वर क्वचितच होई. जिला डॉक्टरचा हात लागला नाही ती वाचे. आज हे वाक्य लिहिताना कारण स्वच्छ दिसते. त्या काळी ते कुणालाच दिसत नव्हते.

कारणे अनेक सांगितली जात. दूषित हवा, गर्दी, बाईच्या मनातली भीती, लाज. सेमेलवाइस एकेक कारण हातात घेऊन तपासू लागला. दूषित हवा म्हणावी, तर ती दोन्ही विभागांत एकच. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागात अधिक, कारण सगळ्याजणी तिकडेच धाव घेत. मरणाऱ्या बाईकडे धर्मगुरू घंटा वाजवीत जाई, त्या आवाजाने बाकीच्या घाबरतात असे कुणी म्हणाले. त्याने धर्मगुरूची वाट बदलायला लावली, घंटा बंद करवली. मृत्यू थांबले नाहीत. सुईणी बाईला कुशीवर बाळंत करतात असे कळले, म्हणून त्यानेही तसे करून पाहिले. तरीही काही फरक पडला नाही.

मध्येच त्याची जागा गेली, कारण आधीचा साहाय्यक परत आला होता. त्या काही महिन्यांत पहिल्या विभागातले मृत्यू बरेच खाली आले. मार्च १८४७ मध्ये त्याला जागा परत मिळाली. रुजू होण्याआधी तो मित्रांबरोबर व्हेनिस पाहून आला. परतला तो एका दुःखद वार्तेवर. त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का, वारला होता. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी चुकून त्याच्या बोटाला लागली, जखम चिघळली, विष अंगभर पसरले आणि तो गेला. सेमेलवाइसने त्याच्या शवविच्छेदनाची टिपणे वाचली. मित्राच्या देहात जे जे बिघडलेले आढळले, तेच तो रोज मेलेल्या बाळंतिणींच्या देहात पाहत होता.

येथे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सुरीच्या टोकाला लागून जे कोलेच्काच्या रक्तात गेले, तेच डॉक्टरांच्या बोटांना लागून बाळंतिणींच्या शरीरात जात असले पाहिजे. पहिल्या विभागातले विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते फाडीत आणि तेथून थेट प्रसूतीच्या खाटांकडे येत. सुईणी प्रेतांना हात लावीत नसत. दोन विभागांतला फरक तो एवढाच. हात ते धूत नसत असे नाही. साबणाने धूत. पण धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास येत असे. वास आहे म्हणजे काहीतरी उरले आहे, असा त्याचा साधा तर्क होता. जंतू हा शब्द तोवर वैद्यकात रुजलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

मे १८४७ च्या मध्यास त्याने विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले. पुढे ते महाग पडते म्हणून क्लोरिनेटेड चुना वापरला. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे हाच पदार्थ. शवविच्छेदनाहून येणाऱ्या प्रत्येकाने हाताचा वास जाईपर्यंत त्यात हात धुवावेत असा नियम त्याने केला. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ बायका मेल्या होत्या. जूनमध्ये २६८ पैकी ६ मेल्या, जुलैमध्ये २५० पैकी ३. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, ३५५६ बाळंतपणे झाली आणि ४५ मृत्यू. त्या वर्षातले मार्च आणि ऑगस्ट हे दोन महिने असे गेले की प्रसूतिज्वराने एकही बाई दगावली नाही.

विजयाची कथा येथेच संपायला हवी होती. पण मला या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग यापुढे वाटतो. वर एप्रिलचे ५७ मृत्यू मी सांगितले. त्या महिन्यात नव्या उत्साहाने परतलेला साहाय्यक कोण होता? स्वतः सेमेलवाइस. रोगाचे मूळ शोधण्यासाठी रोज पहाटे मेलेल्या बाळंतिणींची शवविच्छेदने करणारा आणि तेथून खाटांकडे जाणारा तोच होता. इतरांपेक्षा अधिक तळमळ, म्हणून इतरांपेक्षा अधिक शवविच्छेदने, म्हणून इतरांपेक्षा अधिक विष त्याच्या बोटांवर. ज्या दिवशी त्याला कारण उमगले, त्याच दिवशी आपल्या हातून काय घडले हेही उमगले. पुढे आपल्या ग्रंथात त्याने हे उघड लिहिले की, माझ्यामुळे किती जणी अकाली थडग्यात गेल्या ते देवालाच ठाऊक. त्याला हे लपवता आले असते. कुणी विचारलेही नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आणखी एक घटना घडली. गर्भाशयाच्या कर्करोगातून स्राव वाहत असलेली एक बाई प्रसूतीसाठी पहिल्या खाटेवर होती. डॉक्टर तपासणीला सुरुवात तिच्यापासून करीत आणि पुढच्या खाटेकडे जाताना हात नुसत्या साबणाने धूत. तिच्या पाठोपाठ बाळंत झालेल्या १२ बायकांपैकी ११ मेल्या. यात प्रेताचा संबंध नव्हता. तेव्हा त्याला कळले की विष जिवंत रुग्णाकडूनही दुसऱ्या रुग्णाकडे जाते, आणि ते नेणारा दुवा म्हणजे उपचार करणाऱ्याचा हात. मग दर रुग्णागणिक हात क्लोरीनने धुवायचे असा नियम झाला. आज रुग्णालयांत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात निर्जंतुक करा असे फलक लावलेले असतात. त्यांचा उगम या अकरा बायकांच्या मरणात आहे.

मग सगळ्यांनी त्याचे ऐकले का? नाही. हेब्रा, स्कोडा, रोकितान्स्की असे व्हिएन्नाचे काही श्रेष्ठ वैद्य त्याच्या बाजूने उभे राहिले. पण प्राध्यापक क्लाइन यांना साहाय्यकाचा हा उद्योग रुचला नाही. मृत्यू कमी झाले ते हवा खेळती ठेवण्याच्या नव्या सोयीमुळे, असे त्यांचे म्हणणे. इतरांना तर तो सरळ अपमान वाटला. डॉक्टर हा प्रतिष्ठित गृहस्थ. त्याचे हात घाणेरडे कसे असतील? आणि सुईणींच्या हातांहून घाणेरडे? शिकलेल्या पुरुषांच्या विभागापेक्षा कमी शिकलेल्या बायकांच्या विभागात बाळंतिणी अधिक सुरक्षित होत्या, हे मान्य करणे प्रतिष्ठेला सोसवेना. अमेरिकेत बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स याने १८४३ मध्येच असे काही मांडले होते, तेव्हा त्याच्याही वाट्याला रोष आला होता.

सत्य मानणाऱ्यांचेही हाल झाले. कील येथील प्राध्यापक मिखाएलिस याने सेमेलवाइसचे म्हणणे पटवून घेतले आणि आपल्या रुग्णालयात क्लोरीन सुरू केले. पण त्याआधी त्याच्या चुलतबहिणीचे बाळंतपण झाले होते, त्याने स्वतः तिला तपासले होते, आणि ती प्रसूतिज्वराने गेली होती. आपल्याच हाताने तिला मरण दिले ही जाणीव त्याला सोसली नाही. ऑगस्ट १८४८ मध्ये त्याने आगगाडीखाली जीव दिला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आई हात पाठीमागे का घेत होती ते मला त्या दिवशी नीट कळले.

मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइसची साहाय्यकाची मुदत संपली, ती वाढवण्यात आली नाही. पुढे १८५० च्या ऑक्टोबरात अध्यापनाची परवानगी मिळाली, पण तीही केवळ पुतळ्यावर शिकवण्याची. हा घाव त्याला इतका झोंबला की पाच दिवसांत, ज्या मित्रांनी त्याची बाजू लढवली त्यांचाही निरोप न घेता, त्याने व्हिएन्ना सोडले. येथे त्याचीही चूक झाली असे मला वाटते. आपला शोध त्याने वेळीच लिहून काढला नाही. त्याच्या वतीने मित्र लिहीत होते, बोलत होते. बोलायला उभा राहण्याची वेळ होती तेव्हा तो रुसून निघून गेला.

पेस्टला १८५१ पासून सहा वर्षे त्याने सेंट रोकस रुग्णालयाचा प्रसूतिविभाग बिनपगारी सांभाळला. तेथे ९३३ बाळंतपणांत प्रसूतिज्वराने ८ बायका गेल्या. १८५५ मध्ये तो पेस्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे पुन्हा ज्वराने डोके वर काढले, तेव्हा त्याने शोध घेतला. बाळंतिणींना दिलेल्या चादरी नीट न धुताच परत येत होत्या. त्याने त्यासाठीही अधिकाऱ्यांशी भांडण केले. १८५७ मध्ये त्याने मारिया वाइडेनहोफर हिच्याशी लग्न केले. त्यांना पाच मुले झाली. पहिली दोन तान्हेपणीच गेली.

अखेर १८६१ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. तो लांबलचक होता, आकड्यांनी आणि संतापाने भरलेला. विद्वानांनी तो बाजूला सारला. मग त्याने युरोपातल्या नामांकित प्राध्यापकांना खुली पत्रे लिहिली आणि त्यांना नाव घेऊन खुनी ठरवले. मुद्दा त्याचा खरा होता. पण खुनी म्हटल्यावर कोणता माणूस आपले हात वास घेऊन पाहील? ज्याने स्वतःच्या हातांचा हिशेब निर्भयपणे मांडला, त्याला दुसऱ्याला तो मांडायला लावता आला नाही.

पुढे त्याचे मन बिघडत गेले. जुलै १८६५ च्या अखेरीस पत्नीने त्याला व्हिएन्नाला नेले. जुना मित्र हेब्रा स्टेशनवर आला आणि एक नवे रुग्णालय दाखवतो असे सांगून त्याला वेड्यांच्या रुग्णालयात घेऊन गेला. ध्यानात येताच त्याने निसटण्याचा प्रयत्न केला. रखवालदारांनी त्याला मारहाण केली. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो मेला. हाताची जखम सडली होती आणि विष रक्तात भिनले होते. कोलेच्का ज्या वाटेने गेला, बाळंतिणी ज्या वाटेने गेल्या, त्याच वाटेने तोही गेला.

त्याच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग केला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. १८७९ मध्ये पाश्चरने प्रसूतिज्वराचे जंतू दाखवून दिले. आज बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ सेमेलवाइसच्या नावाने ओळखले जाते.

त्याच १८६५ साली, ३१ मार्चला, कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचा जन्म झाला. आमच्या कोलशेतच्या खाडीने वर वर गेले की कल्याण लागते. ही यमुना म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८६ मध्ये अमेरिकेत त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. व्हिएन्नाच्या त्या बायका आणि कल्याणची ही मुलगी यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले तरी दुःख एकाच जातीचे होते.

कुणी म्हणेल, हा झाला इतिहास. आता प्रतिजैविके आली, आता हातांचे काय एवढे? मलाही तसेच वाटत होते. १९२८ मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले, १९५४ मध्ये आपल्या पुण्याजवळ पिंपरीला सरकारी प्रतिजैविकांचा कारखाना उभा राहिला, आणि माणसाने जंतूंवर मात केली असा समज झाला. पण १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना फ्लेमिंगनेच सावध केले होते की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू त्याला सरावतील. तसेच झाले. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी मेथिसिलिन आणले, तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. त्यांनाच आज एमआरएसए म्हणतात. आईच्या नाकात सापडले ते हेच.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगते. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी अत्यंत प्रभावी समजल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांनाही न जुमानणारे २४ जंतूंचे नमुने तपासले. त्यांतल्या २२ मध्ये प्रतिकाराचे एक नवे साधन आढळले. ते त्यांनी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एका संशोधन-लेखातून त्या साधनाचे नवी दिल्लीवरून ठेवलेले नाव जगभर गाजले आणि आपल्या देशात मोठा रोष उसळला. शहराचे नाव जंतूला चिकटवणे योग्य नव्हते, हे मला पटते. पण त्या गदारोळात जंतूंपेक्षा नावाचीच चर्चा अधिक झाली. व्हिएन्नाच्या प्राध्यापकांनाही दुखले होते ते नावच.

पुढे आईच्या वॉर्डातल्या एका वडीलधाऱ्या सिस्टरने फोनवर मला नीट समजावले. शंभर निरोगी माणसांत वीस-तीस जणांच्या नाकात या जंतूची साधी जात सुखेनैव राहते आणि त्यांना काही होत नाही. न दाद देणारी जात रुग्णालयात काम करणाऱ्यांकडे येते ती बहुधा एखाद्या रुग्णाकडूनच. नाकातून ती हाताला लागते, हातातून जखमेला. वाहक आजारी नसतो, म्हणून त्याला ते कळतही नाही. त्यावर उपाय आहे. नाकात पाच दिवस मलम, जंतुनाशक द्रावणाने आंघोळ, आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात स्वच्छ करणे. बाटलीतल्या द्रावणाने चोळायला वीस-तीस सेकंद पुरतात, साबण-पाण्याने धुवायला चाळीस ते साठ.

आता मी आईला उत्तर देऊ शकत होते. मासळी साफ करता करता दोन संध्याकाळी मी तिला ही सारी कथा सांगितली. त्या तीन जखमा तिच्यामुळे बिघडल्या की त्या जखमांतून जंतू तिच्याकडे आले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितले. नुसते नाही म्हणाले असते तर तिला बरे वाटले असते. पण सेमेलवाइस वाचून झाल्यावर मला ते म्हणवेना. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की त्या काळी चादरी कोण धूत असे. पेस्टच्या चादरींची गोष्ट सांगताच ती म्हणाली की हे त्या डॉक्टरला उशिरा कळले, आयाला विचारले असते तर पहिल्या दिवशी कळले असते. त्या आठवड्यात ती प्रथमच हसली, ती तेव्हा.

दुसरी तपासणी स्वच्छ आली. घरातला पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत गेला आणि बाळ आजीच्या मांडीवर गेले. आई कामावर परतली. नंतर एक दिवस तिने सांगितले की एक तरुण डॉक्टर एका खाटेवरची जखम पाहून थेट शेजारच्या खाटेकडे वळला. पूर्वी ती खाली मान घालून बाजूला झाली असती. या वेळी ती त्याला काही बोलली नाही, खुनी तर नाहीच नाही. खाटेच्या पायथ्याशी लावलेली द्रावणाची बाटली काढून तिने ती त्याच्यापुढे धरली आणि आधी स्वतःच्या हातावर घेतले. डॉक्टर क्षणभर थांबला. मग त्यानेही हात पुढे केला.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)